दाराचा रंग वेगळा दिसतोय, टोकन देऊ का?

वाचकाचं पत्र: दादा, आम्ही पहिलीच गाडी घेतोय, जुनी. ७ वर्षं झालेली पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, मीटरवर ३८ हजार रनिंग. मालक म्हणतो एकाच हातातली आहे, शोरूम कंडिशन. एक राउंड मारला, मस्त वाटली. फक्त डाव्या पुढच्या दाराचा रंग उन्हात जरा वेगळा वाटला, विचारलं तर म्हणाला स्क्रॅच होता म्हणून मारून घेतला. आता म्हणतोय संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन टाका. मावसभाऊ म्हणतो इंजिनाचा आवाज चांगला आहे ना, मग बास. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. नक्की काय काय बघू? आणि मेकॅनिक न्यायलाच पाहिजे का?

उत्तर:

टोकन आज देऊ नका. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाकडे संध्याकाळी येणारी एक पार्टी असतेच आणि ती आजवर कुणी बघितलेली नाही. समजा खरंच आली आणि गाडी घेऊन गेली तर जाऊ द्या, जुन्या गाड्यांचा काही दुष्काळ पडलेला नाही.

आता मावसभावाचं. इंजिनाचा आवाज ऐकावा, त्यात चूक काही नाही, पण तो सगळ्यात शेवटी ऐकायचा. इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, एसी ही सगळी पैसे टाकले की नीट होणारी कामं आहेत, ती खराब निघाली तर आपण तेवढे पैसे भावातून कमी करून घेऊ शकतो. ज्या गाडीचा सांगाडाच वाकलाय, जी पाण्यात बुडून आलीय, किंवा जिच्या कागदांत घोळ आहे, ती मात्र कितीही पैसे ओतले तरी सुधारत नाही, तिथे भाव पाडून उपयोग नसतो, तिथून फक्त निघायचं असतं. म्हणजे बघायला गेल्यावर आधी ही तीन बघायची आणि मग बाकी. लोक नेमकं उलट करतात, आधी सेल्फ मारतात, म्युझिक सिस्टीम लावून बघतात, आणि तोपर्यंत गाडी आवडून गेलेली असते, मग पुढचं काही दिसतच नाही.

तुमच्या नजरेने तो दाराचा रंग टिपला ना, ती नजर कामाची आहे, त्याच दारापासून सुरू करा. परत जायचं ते दिवसा, भरपूर उजेडात, आणि गाडी कोरडी असताना. आत्ताच धुतलेल्या ओल्या गाडीवर सगळे रंग सारखेच दिसतात, आणि पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली तर काय दिसणारच नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उकिडवं बसा आणि एक डोळा मिटून पूर्ण बाजूवरून पुढे नजर टाका. पत्र्यात जे प्रतिबिंब दिसतं ते सरळ चाललंय का लाटा खातंय ते बघा, पुटी (पत्र्याचे खड्डे भरायचा लगदा) भरलेल्या जागी ते हमखास थरथरतं. मग दाराच्या फटी बघा, पुढचं दार आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यात जेवढी फट उजवीकडे आहे तेवढीच डावीकडे पाहिजे, वर एक बोट आणि खाली अर्धं बोट असं नको.

आता दार उघडा. चौकटीला जी रबराची बीडिंग असते ती हाताने ओढली की निघते आणि परत दाबली की बसते, मालकाला सांगून थोडी ओढा. तिच्याखाली पत्र्याच्या कडेला ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे दिसतील, ते कंपनीतले स्पॉट वेल्डिंग. दोन्ही बाजूंचे खळगे ताडून बघा. डावीकडे ते गायब असतील, किंवा तिथे वेड्यावाकड्या वेल्डिंगवर रंग मारलेला असेल, तर प्रकरण स्क्रॅचचं नाही, बाजूने जोरात ठोकलेली आहे आणि चौकट कापून नवीन जोडलीय. पण खळगे जागच्या जागी, चौकटीचा आतला रंग मूळचा, आणि फक्त दाराचा बाहेरचा पत्रा रंगवलेला असं असेल तर मालक खरं बोलतोय, ते सोडून द्या. सात वर्षांत एखादं दार रंगवावं लागणं यात विशेष काही नाही, उलट जिला एकही ओरखडा नाही अशा गाडीबद्दल मी जास्त प्रश्न विचारतो. बिजागरीचे बोल्टही बघून घ्या, पाना लागला असेल तर बोल्टाच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो, म्हणजे दार काढून परत बसवलंय किंवा दारच बदललंय.

बोनेट उघडल्यावर लोक इंजिनाकडे बघतात, तुम्ही कडांकडे बघा. फेंडर धरून ठेवणारे बोल्ट, दोन्ही हेडलाइट (एक नवा चकचकीत आणि दुसरा पिवळा पडलेला असेल तर का ते विचारा), रेडिएटर ज्याच्यावर टेकतो तो आडवा पत्रा, आणि दोन्ही बाजूंना पुढे जाणारे चासीचे जाड दांडे. या दांड्यांवर सुरकुती, ठोकल्याचे वळ किंवा ताजा काळा रंग दिसला तर समोरून मोठी धडक झालेली असू शकते. मागे डिकीतलं मॅटिंग उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्याचा पत्रा बघा. तिथे कुणी पॉलिश करत बसत नाही म्हणून तो खड्डा सहसा खोटं बोलत नाही. पत्रा चुरगळून परत सरळ केलेला ओळखू येतो, आणि कंपनीचं सीलंट एकसारख्या पट्टीत असतं, गॅरेजमधलं बोटाने फासल्यासारखं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, कुणाकडे असेल तर मागून घ्या. कंपनीतला रंग बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. नुसता दुसऱ्यांदा रंग मारलेला असेल तर तो आकडा दुपटीच्या आसपास जातो आणि खाली पुटी असली तर थेट हजाराकडे. पण एका आकड्याला फार अर्थ नाही, डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा शेजारी ठेवा, मग कळतं. लोहचुंबकाची जुनी युक्तीही चालते, फक्त काही गाड्यांचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं नाहीतर फेंडर प्लास्टिकचे असतात, तिथे चुंबक मुळातच चिकटत नाही, उगाच मालकाशी भांडाल.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला माझ्यासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सीटबेल्ट. धुतात सगळं, सीट काढून धुतात, कार्पेट नवीन टाकतात, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून धुवायचं बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. बेल्ट हळूहळू सगळा बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. एका गाडीत मी असाच ओढला तर वरचा सगळा पट्टा स्वच्छ राखाडी आणि शेवटचा वीतभर भाग चहाच्या रंगाचा, मध्ये एक सरळ रेघ, आणि बोटाला बारीक कोरडी माती. आत सुगंध मात्र असा मारलेला की डोळे चुरचुरत होते. पुढचं काहीही न बघता तिथून निघालो. बेल्टबरोबर सीटखालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट बघा, तिथे वरून पाणी सांडून सहसा गंज चढत नाही. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा, फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात गाळ बसलाय का बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. आणि गाडीत बसल्या बसल्या सगळ्या काचा बंद करून एक मिनिट नुसता वास घ्या. बुडालेल्या गाडीचं वायरिंग आणि कनेक्टर आतून गंजत राहतात, आज सगळं चालेल, सहा महिन्यांनी पॉवर विंडो जाईल, मग एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), आणि एअरबॅग गरजेच्या वेळी उघडेल की नाही याची कुणीच खात्री देऊ शकत नाही. स्वस्तात मिळतेय म्हणूनही घेऊ नका.

आता ते ३८ हजार. सात वर्षांत ३८ हजार म्हणजे दिवसाला सरासरी १५ किलोमीटर, अशक्य अजिबात नाही, पुष्कळ गाड्या एवढ्याच फिरतात. पण मीटर मागे फिरवणं हा जुना धंदा आहे आणि डिजिटल मीटर आल्याने तो थांबलेला नाही, म्हणून मीटरवर विश्वास ठेवण्याऐवजी बाकीच्या गोष्टी त्याच्याशी जुळतायत का ते बघायचं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात जिथे असतो तिथली चमक, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड (चढता-उतरता तीच घासते). ३८ हजारांत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. आणि सात वर्षांच्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर तेही विचारायचं की बदललं कशाला.

टायर तर चालताबोलता साक्षीदार आहेत. टायरच्या बाजूला DOT असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, ३४१९ असतील तर २०१९ सालचा ३४ वा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला वाकून बघा. चारही टायर गाडीच्याच वर्षातले निघाले तर ३८ हजार पटण्यासारखे आहेत, फक्त मग टायर म्हातारे झालेत, नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, बदलायचा खर्च धरून चाला. पण टायर तीन वर्षांपूर्वीचे असतील आणि तेही निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर मग पहिले चार कधी संपले? स्टेपनीचे आकडेही वाचा, ती बहुतेक वेळा मूळची असते. नक्षीच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलीमीटरचे, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट गेलंय, नाहीतर सस्पेन्शनचा एखादा भाग वाकलाय, आणि ते जर त्याच डाव्या बाजूला असेल तर दाराची गोष्ट परत उघडायची.

सर्व्हिसची बिलं मागा. तोंडी नको, कागद. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते ओळीने लावले की मीटरचं खरंखोटं लगेच कळतं. इंजिन धूळ खाल्लेलं पण बिलांची फाइल पूर्ण, आणि इंजिन आरशासारखं चमकणारं पण बिल एक नाही, अशा दोन गाड्यांत मी डोळे झाकून पहिली घेईन. इंजिन मुद्दाम धुतलेलं असेल तर ऑइल कुठून गळतंय ते दिसत नाही, त्यासाठीच बऱ्याचदा धुतात.

मग इंजिन. मालकाला आधीच सांगा की गाडी सकाळपासून चालू करू नका, मी आल्यावर करू. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम लागलं तर समजा की कार्यक्रम आधीच उरकलाय, आणि दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन सगळी दुखणी सांगतं, गरम इंजिन लपवतं. चावी अर्ध्यावर फिरवा, म्हणजे इंजिन चालू न करता फक्त लाइटी लावायच्या. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा थोड्या सेकंदांनी आपोआप विझतो. तो दिवा लागलाच नाही तर ते लागून राहण्याइतकंच वाईट आहे, दोष दिसू नये म्हणून दिवाच काढून टाकलेला असू शकतो. अपघातात एअरबॅग उघडल्यावर नवीन न बसवता असं झाकून टाकणारे लोक असतात.

सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरमागे उभं करा. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ येऊन दोन-चार मिनिटांत थांबली तर ते पाणीच आहे. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, जो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, तो कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळतंय म्हणून, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय, आणि ते मोठं काम आहे. ऑइलची पट्टी काढून ऑइल बघा, ऑइल भरायच्या झाकणाच्या आत सायीसारखा पिवळट थर आहे का बघा. तो फक्त जवळजवळच्या फेऱ्यांमुळे धरलेली वाफही असू शकतो, पण सोबत कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग असेल तर शंकेला जागा नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे तुम्ही नवीन आहात म्हणून मुद्दाम लिहितोय, तोंड भाजतं.

तुम्ही मारलात तो एक राउंड पुरत नाही. अर्धा तास तरी चालवा, रेडिओ बंद, एसी आधी बंद आणि मग चालू, खराब रस्ता आणि मोकळा रस्ता दोन्ही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू जात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची फार हलत नाही असं झालं तर क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चाकाकडून टकटकटक आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला. मागे कुणी नाही बघून जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा, आणि साध्या हलक्या ब्रेकला पेडल पायाखाली थडथडतं का तेही (जोरात मारल्यावरची थडथड एबीएसचीही असू शकते). परत आल्यावर एसी चालू ठेवून गाडी दहा मिनिटं उभी राहू द्या, तापमानाचा काटा मधोमध थांबला पाहिजे, रेडिएटरचा पंखा लागला पाहिजे. यातलं बरंचसं भावात धरता येतं, तापण्याचं सोडून. तापणारी गाडी घेऊ नका.

मेकॅनिक न्यायचाच. तुमचा, मालकाने सुचवलेला नाही, आणि फुकट नाही, पैसे देऊन, म्हणजे तो घाईत बघणार नाही. मावसभावाला हवं तर सोबत घ्या पण मेकॅनिकच्या जागी नको. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची, गळती, बुश (सांध्यांतली रबरं), गंज, चासीवरचं वेल्डिंग, हे रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं मशीन, लावायला सांगा. इथे एक बारीक गोष्ट आहे: एरर नाही असं स्कॅनरने दाखवलं की लोक खुश होतात, पण एरर सकाळीच पुसून टाकलेली असू शकते. पुसली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्याही कोऱ्या होतात आणि परत पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. म्हणून मेकॅनिकला म्हणा, मॉनिटर पूर्ण आहेत का ते पण बघ. बहुतेक अपुरे दिसले तर एकतर बॅटरी काढली होती नाहीतर कुणीतरी पुसलंय. मालक लिफ्ट आणि स्कॅनरला नाही म्हणाला तर पुढे काही बोलायचं कारणच उरत नाही.

कागदांत सगळ्यात आधी चासी नंबर. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो, गाडीवर कोरलेला आणि कागदावरचा एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून, त्यामुळे ओ वाटला तर तो शून्य आहे. नंबराभोवतीचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर तिथेच थांबा. इंजिन नंबरही जुळवा. विकणारा माणूस आणि कागदावरचा मालक एकच आहे का, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद आहे का, दंड बाकी आहेत का, इन्शुरन्सचे क्लेम किती आणि कशाचे झालेत, हे बघा. कंपनीने काही दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर त्याच चासी नंबरावरून कंपनीकडे विचारता येतं, ते काम झालंय का बघा. दुसरी चावी मागा, विसरतात सगळे, आणि हरवली असेल तर नवीन चावी बऱ्यापैकी महाग पडते. एकाच हातातली आहे याला मी फार किंमत देत नाही, एक हातसुद्धा वाईट असू शकतो.

हे सगळं नीट निघालं आणि गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका, आधीच्याने बदललंय म्हणाला असला तरी. आणि मेकॅनिकला एवढं विचारून ठेवा की या इंजिनात टायमिंग चेन आहे का बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवतो तो). बेल्ट असेल आणि तो बदलल्याचं बिल फाइलमध्ये नसेल तर बदलायचा झालाय असंच धरा, कारण बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेडच उघडावं लागतं. तो खर्च भाव ठरवायच्या आधी मालकासमोर काढा, नंतर नाही.